३९ गावं आणि ४७ गावं: गडचिरोलीतल्या नवजात मृत्यूंचा हिशेब

लहान संस्थांच्या वार्षिक अहवालात एक तक्ता हमखास सापडतो. किती शिबिरं घेतली, किती महिलांना प्रशिक्षण दिलं, किती लाभार्थी झाले. संस्था वर्षभर राबली हे त्यातून दिसतं. ज्यांच्यासाठी राबली त्यांच्या आयुष्यात काय फरक पडला, हा रकाना बहुतेकदा नसतोच. विचारलं की उत्तर मिळतं, ‘आम्ही लहान माणसं, मोजमाप हे विद्यापीठांचं काम.’ हे उत्तर मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला गडचिरोलीतलं हे एक प्रकरण पुरेसं आहे. ते तीस वर्षं जुनं असलं तरी त्यातली प्रत्येक अडचण आजच्या संस्थांपुढे जशीच्या तशी उभी आहे.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोघांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेतलं होतं, त्यामुळे ‘त्यांच्याकडे संशोधक नव्हते’ असं म्हणता येणार नाही. पण गावात प्रत्यक्ष मोजणारे हात संशोधकांचे नव्हते. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या, त्याच गावातल्या बायका नोंदवही भरत होत्या. लहान संस्थांनी या प्रकरणाकडे पाहताना त्या बायकांकडे पाहावं, हॉपकिन्सकडे नाही.

नवजात बाळांच्या कामाआधी एक काम झालं होतं, आणि पुढचा प्रश्न त्यातूनच निघाला. १९८८ पासून संस्थेने बालन्यूमोनियावर गावपातळीवर उपचार सुरू केले. ५८ गावांत उपचार दिले जात होते आणि ४४ गावं तुलनेसाठी होती. उपचार मिळालेल्या मुलांत न्यूमोनियाने दगावण्याचं प्रमाण ०.८ टक्के निघालं, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होतं. १९९० मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. एखादी संस्था इथे समाधानाने थांबली असती आणि पुढची दहा वर्षं अहवालात हाच आकडा छापत राहिली असती. पण मृत्यूंची नोंद चालूच होती, आणि त्या नोंदीत राहिलेले मृत्यू दिसत होते. एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी बरीचशी जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच जात होती. न्यूमोनियाच्या कामाचा हात तिथवर पोचत नव्हता.

आपलं काम यशस्वी झालं हे मोजमापातून कळणं चांगलंच. आपलं काम कुठे पोचत नाही हे कळणं संस्थेच्या जास्त कामाचं असतं.

आधी दोन वर्षं फक्त मोजणी

नवजात बाळांचा प्रयोग १९९३ ते १९९८ असा चालला. हस्तक्षेपाची, म्हणजे पुढे जिथे उपचार द्यायचे होते ती, ३९ गावं होती, लोकसंख्या सुमारे ३९ हजार. तुलनेची गावं ४७, लोकसंख्या सुमारे ४२ हजार. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षं दोन्हीकडे फक्त जन्म आणि मृत्यू मोजण्यात गेली. हस्तक्षेपाच्या गावांत नवजात मृत्यूदर, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतल्या मृत्यूंचा दर, निघाला हजार जिवंत जन्मांमागे ६२. तुलनेच्या गावांत ५८.

आजच्या एखाद्या लहान संस्थेच्या प्रमुखाला हे सांगून पाहा. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेला, निधी एप्रिल ते मार्च असतो, मंजुरी यायला जुलै उजाडतो, आणि डिसेंबरमध्ये ‘इम्पॅक्ट’ विचारला जातो. तिथे दोन वर्षं नुसतं मोजायला पैसे कोण देणार? ही अडचण खरी आहे, पण तिच्यापुढे हात टेकले की पुढचं सगळं मूल्यमापन हवेत राहतं. काम सुरू झाल्यानंतर ‘आधी काय परिस्थिती होती’ हे लोकांना आठवून सांगायला लावलं, तर ते आपल्याला बरं वाटेल असं सांगतात. गावातली माणसं भली असतात, कार्यकर्त्याचं मन मोडत नाहीत. दोन वर्षं शक्य नसतील तर दोन महिने घ्या. पण ते दोन महिने पहिल्या शिबिराच्या आधीचे हवेत.

मृत्यू मोजणं वाटतं तितकं सोपं नाही

मृत्यू हा ठोस आकडा, त्यात काय घोळ होणार, असं कुणालाही वाटेल. नवजात बाळाच्या बाबतीत मात्र घोळाला भरपूर वाव असतो. बारसंही न झालेलं बाळ गेलं तर ते ग्रामपंचायतीच्या नोंदीत येईलच असं नाही. घरची माणसं त्याबद्दल बोलत नाहीत. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी आलेली असते, मग बाळ माहेरच्या गावात मोजायचं की सासरच्या? नियम आधीच ठरवला नाही तर काही बाळं दोनदा मोजली जातात आणि काही एकदाही नाही.

सर्वांत अवघड रेषा असते मृतजन्म आणि जन्मानंतर लगेच झालेला मृत्यू यांच्यामधली. बाळाने दोन श्वास घेतले आणि गेलं, तर दाई ‘मेलेलंच जन्मलं’ असं सांगू शकते. यात लबाडी असतेच असं नाही. पण ज्या कार्यकर्तीचं काम मृत्यू कमी करणं आहे, तिच्याच हातात हे ठरवण्याचा अधिकार राहिला, तर नवजात मृत्यूदर कागदावर खाली येईल आणि एकही बाळ वाचलेलं नसेल.

गडचिरोलीत यावर दोन उपाय होते. पहिला म्हणजे नोंदीचे दोन प्रवाह. गावातून जन्म-मृत्यूची खबर सतत येत होतीच, शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघरी जाऊन पाहणी होत होती. एका प्रवाहात सुटलेलं दुसऱ्यात सापडे. दुसरा उपाय मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रसूतीआधीचे शेवटचे आठवडे आणि नंतरचा पहिला आठवडा धरून काढला जाणारा परिजात मृत्यूदरही त्यांनी मोजला. त्यात मृतजन्म येतात. नवजात मृत्यू नुसते ‘मृतजन्म’ या रकान्यात सरकवले गेले असते, तर हा दर जागचा हलला नसता. तो तुलनेच्या गावांच्या मानाने ७१ टक्के कमी झाला. म्हणजे मृत्यू रकाना बदलून गायब झालेले नव्हते.

ही युक्ती कोणत्याही क्षेत्रात वापरता येते. शाळाबाह्य मुलांवर काम करणाऱ्या संस्थेने पटावरच्या नावांबरोबर त्या वाडीतली सगळी मुलं मोजावीत. बचतगटांच्या संस्थेने गटाचं कर्ज फिटलं का एवढंच न बघता घरावरचं एकूण कर्ज बघावं, कारण सावकाराकडून उचलून गटाचा हप्ता भरल्याची उदाहरणं या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. आपल्या आकड्यातून निसटलेली गोष्ट जिथे जाऊन पडू शकते, तो शेजारचा आकडाही धरायचा.

बघण्याचं वर्ष

१९९५-९६ हे वर्ष निरीक्षणाचं होतं. गावातल्या प्रशिक्षित आरोग्यदूत बायका दाईसोबत प्रसूतीच्या वेळी हजर राहू लागल्या आणि पहिले २८ दिवस घरी जाऊन बाळ पाहू लागल्या. वजन, ताप, श्वास, दूध पिणं, रडणं, सगळं लिहून ठेवायचं. ७६३ बाळांचं असं निरीक्षण झालं. त्यांतली ९५ टक्के घरीच जन्मली होती. ४२ टक्के बाळांचं वजन अडीच किलोपेक्षा कमी होतं. वैद्यकीय मदतीची गरज असलेली बाळं ५४ टक्के निघाली. डॉक्टरांची मदत मिळालेली २.६ टक्के. रुग्णालयात दाखल झालेली ०.४ टक्के.

त्या वर्षी ७६३ पैकी ४० बाळं दगावली. नवजात तज्ज्ञाने नोंदी पाहून प्रत्येक मृत्यूचं कारण ठरवलं. २१ बाळं जंतुदोष किंवा न्यूमोनियाने गेली होती, ८ जन्मताच गुदमरून, ६ फार अपुऱ्या दिवसांची होती म्हणून.

या टप्प्यावर मन अस्वस्थ होतं. आजारी बाळ समोर आहे आणि आपण लिहितो आहोत, हे कितपत बरोबर? मी याचा बराच विचार केला आहे. नवजात बाळाच्या जंतुदोषावर गावात तोवर घरच्या घरी देता येईल असा तपासलेला उपचारच नव्हता, आणि अर्धशिक्षित बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यावं की नाही, हा प्रश्न त्या काळात डॉक्टरांच्या जगात जवळपास निषिद्ध होता. कोणती लक्षणं दिसली की बाळ खरंच धोक्यात आहे, हे या नोंदींतूनच ठरलं. अशी सात साधी लक्षणं निघाली: रडणं क्षीण होणं किंवा थांबणं, दूध कमी ओढणं, हातपाय ढिले पडणं आणि अशीच आणखी चार. त्यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की जंतुदोष समजायचा. प्रयोगशाळा लागत नाही, आणि गावातल्या बाईला हे तपासता येतं. ते वर्ष वगळलं असतं तर पुढचे उपचार अंदाजाने द्यावे लागले असते. म्हणून मला ते वर्ष योग्य वाटतं. मात्र ज्या क्षेत्रात उपाय आधीच ठाऊक आणि हाताशी आहे, तिथे ‘आम्ही एक वर्ष फक्त निरीक्षण करतो’ असं कुणी म्हणू लागलं तर त्याला मी विरोध करीन.

सुई आणि नोंदवही एकाच हातात

पुढच्या दोन वर्षांत घरच्या घरी उपचार सुरू झाले. बाळाला ऊब देणं, स्तनपानाला मदत, कमी वजनाच्या बाळांकडे जास्त फेऱ्या, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, आणि जंतुदोषाला जेंटामायसिनचं इंजेक्शन व कोट्रायमोक्साझोलचं औषध. आई-वडिलांना आधी रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला जाई. ते शक्य नसेल तर त्यांच्या संमतीने घरी उपचार होत. १९९७-९८ पर्यंत ९३ टक्के बाळांपर्यंत ही सेवा पोचली.

लहान संस्थांसाठी मला इथली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच दिसते. मोजणं हा कामावरचा बोजा नव्हता, ते कामच होतं. आरोग्यदूत श्वास मोजते कारण त्यावरून तिला उपचार ठरवायचा आहे. वजन घेते कारण वजन वाढलं नाही तर फेऱ्या वाढवायच्या आहेत. तीच नोंद वरिष्ठांकडे जाते, तीच पुढे विश्लेषणात येते. आपल्याकडे उलट चित्र असतं. कार्यकर्ती दिवसभर काम करते आणि महिनाअखेरीला देणगीदाराचा फॉर्म रात्री जागून भरते. त्या फॉर्ममधली माहिती तिला स्वतःला कधीच लागत नाही, मग ती बरोबर कशी असेल? जो रकाना भरणाऱ्याच्या उपयोगाचा नाही तो रकाना काढून टाकावा, असं माझं ठाम मत आहे, देणगीदार नाराज झाला तरी.

पण शेवटचा निकाल, म्हणजे बाळ जगलं की गेलं, हा फक्त तिच्या शब्दावर सोडलेला नव्हता. पर्यवेक्षक गावात येऊन नोंदी तपासत, आणि मघाशी सांगितलेली सहामाही पाहणी होतीच. कार्यकर्तीवर अविश्वास म्हणून ही व्यवस्था नव्हती. तिच्या आकड्यावर उद्या कुणी शंका घेतली तर तिच्या बाजूने उभं राहणारं काहीतरी हवं, म्हणून ती होती.

निकाल, आणि निकालाच्या मर्यादा

१९९७-९८ मध्ये हस्तक्षेपाच्या गावांत नवजात मृत्यूदर २५.५ वर आला होता. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता, म्हणजे जिथे होता तिथेच. तुलनेच्या संदर्भात काढलेली घट सुमारे ६२ टक्के. जंतुदोष झालेल्या बाळांत दगावण्याचं प्रमाण उपचार सुरू होण्याआधी १६.६ टक्के होतं, ते २.८ वर आलं. एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ने छापला.

तुलनेची ४७ गावं नसती तर ६२ वरून २५.५ हा आकडा किती विश्वासार्ह ठरला असता? कुणीही म्हटलं असतं की त्या काळात रस्ते झाले, लसीकरण वाढलं, मृत्यू कुठेही कमी झालेच असते. तुलनेच्या गावांतला न हललेला आकडा या आक्षेपाला उत्तर देतो.

तरीही या अभ्यासातून सगळं सिद्ध होत नाही. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. हस्तक्षेपाची गावं संस्थेच्या जास्त परिचयाची, तिच्यावर विश्वास असलेली असण्याची शक्यता राहते, आणि विश्वास हेही एक औषधच आहे. शिवाय सगळे उपाय जवळजवळ एकत्र आले, त्यामुळे ऊब, स्तनपान, इंजेक्शन आणि गावातल्या ओळखीच्या बाईचं पुन्हा पुन्हा दाराशी येणं, यांतल्या कशाने किती बाळं वाचली हे नेमकं वेगळं काढता येत नाही. जंतुदोषाचा १६.६ वरून २.८ हा आकडा एक वाटा दाखवतो, सगळा नाही.

पाच गावांच्या संस्थेने काय करावं

इथे एक गणित करून पाहणं गरजेचं आहे, कारण गडचिरोलीचं अनुकरण करताना संस्था नेमक्या इथे अडखळतात. ३९ हजार लोकवस्तीत वर्षाला हजाराच्या आसपास बाळं जन्मली. दर ६० असेल तर साठ मृत्यू, तो २५ झाला तर पंचवीस. हा फरक डोळ्यांना दिसतो.

आता समजा तुमची संस्था पाच गावांत काम करते, लोकसंख्या पाच हजार. वर्षाला सव्वाशे बाळं. दर ६० धरला तर सरासरी सात-आठ मृत्यू. पण एका वर्षी चार आणि पुढच्या वर्षी दहा, असं निव्वळ योगायोगाने होऊ शकतं. चार आले त्या वर्षी तुम्ही ‘मृत्यू निम्म्यावर’ अशी बातमी द्याल, आणि दहा आले त्या वर्षी कार्यकर्त्यांना रागावाल. दोन्ही अन्याय.

अशा संस्थेने मृत्यूदराचा दावा करूच नये. मृत्यू मोजावेत, प्रत्येक मृत्यूची कहाणी बसून समजून घ्यावी, कारण त्यातून कामाच्या फटी दिसतात. पण फरकाचा पुरावा म्हणून अधिक वेळा घडणारी गोष्ट निवडावी: जन्मल्यावर तासाभरात स्तनपान सुरू झालेली बाळं किती, पहिल्या आठवड्यात वजन घेतलेली किती, धोक्याची लक्षणं दिसल्यावर त्याच दिवशी उपचार मिळालेली किती. सव्वाशे बाळांमध्येही हे आकडे बोलतात. या गोष्टींमुळे मृत्यू कमी होतात हे दुसरीकडे मोठ्या संख्येवर तपासलेलं असलं की तुम्हाला ते पुन्हा सिद्ध करावं लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे एकत्र येणं. महाराष्ट्रात हे झालेलं आहे. तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात एकाच पद्धतीने जन्म आणि बालमृत्यू मोजले, आकडे एकत्र केले आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. एकट्या संस्थेची संख्या लहान, तेरांची मिळून पुरेशी मोठी. सरकारी नोंदीत येतात त्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त बालमृत्यू राज्यात होतात, हे त्यातून पुढे आलं. राज्य सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली आणि तिचं अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांच्याकडे गेलं. लहान संस्थांच्या मोजणीने राज्याचा आकडा प्रश्नांकित केला, याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

काम मोठं झालं, मोजमाप बदललं

पुढे ही पद्धत देशभर गेली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी नवजात काळजीचा कार्यक्रम लागू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात, आणि ठरलेल्या भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये. इंजेक्शन त्यात नव्हतं.

म्हणजे गडचिरोलीत जे मोजलं जात होतं ते बाळ जगलं का, आणि देशात जे मोजलं जाऊ लागलं ते भेट झाली का. इतक्या मोठ्या यंत्रणेत दुसरं काही रोजच्या रोज मोजणं कठीण आहे, हे मला मान्य आहे. पण कार्यक्रमाचं नाव तेच राहिलं म्हणून परिणामही तोच राहील, असं धरून चालणं चूक आहे. बांगलादेशात सिल्हेटमध्ये गृहभेटींच्या प्रयोगात नवजात मृत्यू ३४ टक्के कमी झाले. हरयाणात सरकारी यंत्रणेतून राबवलेल्या, गृहभेटींसह बालआरोग्याच्या एका व्यापक कार्यक्रमाच्या चाचणीत एकूण घट ९ टक्क्यांच्या आसपास होती, घरी जन्मलेल्या बाळांत ती सुमारे २० टक्के. चाचण्या वेगळ्या, उपाय थोडे वेगळे, गावं वेगळी. गडचिरोलीचे ६२ टक्के कुणी आपल्या प्रस्तावात ‘अपेक्षित परिणाम’ म्हणून उतरवून घेतले, तर ते उसने घेतलेले असतात.

आता घरी होणारी बाळंतपणं फार कमी उरली आहेत. ‘एसआरएस’ या सरकारच्या नमुना जन्म-मृत्यू नोंदणीच्या २०२० च्या अहवालात भारताचा नवजात मृत्यूदर २० आणि महाराष्ट्राचा ११ आहे. आज एखाद्या आदिवासी तालुक्यात नवजात बाळांवर काम सुरू करणाऱ्या संस्थेसमोरचा प्रश्न त्यामुळे बदलला आहे. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आलेलं दीड-दोन किलोचं बाळ पुढचे चार आठवडे कसं काढतं, हे तिला पाहावं लागेल. आशाताईच्या भेटीचा फॉर्म तिथे आधीच भरला जातो, तो पुन्हा भरण्यात अर्थ नाही. दहातल्या एका घरी जाऊन आईला विचारावं: ताई कधी आल्या, वजन काट्यावर घेतलं की विचारून लिहिलं, बाळ दूध ओढेनासं झालं तेव्हा कुणाला बोलावलं आणि ते किती वेळात आले. या कामाला एक माणूस, एक दुचाकी आणि महिन्याचे काही दिवस लागतात. प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात ती ओळ ‘प्रशासकीय खर्च’ या सदराखाली लपवू नये. ‘मोजणी’ असं लिहून, औषधांच्या ओळीच्या शेजारी ती मागावी.